अरण्य हे औषध आहे काय?

सेवानिवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टी हटकून मिळतात : मोकळा वेळ आणि वैद्यकीय उपदेश. आम्हांला दोन्ही एकदमच लाभल्या. रक्तदाब वाढला, झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितले, "आठवड्यातून दोनदा तरी झाडांत जाऊन शांत बसत चला." सौंसरकरांना हे पथ्य अवघड नाही. गावाभोवती संत्र्यांचे बगीचे आहेत आणि छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागला की सातपुड्याचे रान सुरू होते.

या पथ्याला आता शास्त्राचाही आधार आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे अरण्यस्नान, हा शब्द रूढ केला. पुढे तेथील २४ अरण्यांत प्रयोग झाले. शहरात घालविलेल्या वेळेच्या तुलनेत अरण्यात माणसांची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मनावरील ताण दर्शविणारे कॉर्टिसोल हे द्रव्य घटते, असे त्यांत आढळले. अट एकच : घाई नको, लक्ष हवे. अर्थात हा परिणाम किती काळ टिकतो, हा प्रश्न उरतोच, आणि झाडांखाली बसलो म्हणून आम्ही गोळ्या सोडलेल्या नाहीत.

परंतु आमचा प्रश्न वैद्यकीय नाही, नैतिक आहे. आपल्या परंपरेतही उतारवयात वनाकडे जाणे सांगितले आहे. मात्र वानप्रस्थी वनात जात असे तो काही सोडण्यासाठी. आपण जातो ते काही मिळविण्यासाठी. तासाभरात शांती घेऊन परतावे, जणू अरण्य म्हणजे औषधाचे दुकान! ज्याच्याकडून आपण एवढे घेतो, त्याचे आपण काही लागतो की नाही?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सुचलेला नाही. नोकरीत असताना रस्ता-रुंदीकरणाच्या एका प्रकरणात झाडांची यादी आमच्या टेबलावर आली होती. जात, घेर, अंदाजित किंमत. सारे रकाने व्यवस्थित भरलेले. आम्ही बेरीज तपासली, ती बरोबर निघाली, आणि सही केली. जागेवर मात्र गेलो नाही. रस्ता आवश्यक होता, हे आम्ही आजही म्हणतो. पण एखादे झाड वाचविता आले असते काय, हे पाहायला हवे होते, आणि पाहणे हेच तर आमचे काम होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रथम सागाखाली डोळे मिटून बसलो, तेव्हा शांती आली नाही. ती यादी आठवली.

मारुती चितमपल्ली हेही सरकारी नोकरच होते. वनखात्यातील त्यांच्या टेबलावरही कागद आलेच असतील. परंतु त्यांनी रान पाहिले, आदिवासींकडून पशुपक्ष्यांची नावे-लक्षणे शिकून घेतली आणि कावळ्यांच्या वसतिस्थानाला 'काकागार'सारखा शब्द मराठीला दिला. १८ जून २०२५ रोजी ते गेले. लक्ष देणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे. त्यांचे लक्ष स्वतःच्या नाडीवर नव्हते.

लक्ष देणारी आणखीही माणसे आहेत. चैत्रात भल्या पहाटे मोहफुले वेचणारी बाई प्रत्येक फूल पाहून उचलते. तिच्या एकाग्रतेला कोणी अरण्यस्नान म्हणत नाही, कारण तिला त्यातून चूल पेटवायची असते. आपल्याच भागात तामियाजवळ पातालकोटच्या खोल दरीत भारिया लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वनौषधींचे त्यांचे ज्ञान प्रसिद्ध आहे. तरीही आजारपणात त्यांना दवाखाना लागतो, आणि तेथवर पोहोचायला दरी चढावी लागते. नुसत्या शुद्ध हवेने आरोग्य येत नाही. त्याला अन्न, औषध आणि हक्कही लागतात. तेव्हा जे अरण्य आपला रक्तदाब उतरविते, त्याच अरण्यातील माणसाच्या तापाशी आपला काही संबंध नाही, असे म्हणता येईल काय?

विचारान्ती आम्हांला असे वाटते की, स्वतःच्या प्रकृतीपाशीच संपणारे लक्ष हे अर्धेच लक्ष होय. ज्या झाडाकडे आपण खरोखर पाहिले, ते पुन्हा यादीतला आकडा होऊ शकत नाही. आणि ज्या माणसाला त्या झाडाखाली पाहिले, तो 'वनवासी' नावाचा रकाना राहत नाही. आरोग्य हे अशा पाहण्याचे फळ असेल. पण हेतू तोच असला, तर ते फळही उणेच.

आम्ही अजूनही घाटात जातो. आता डोळे मिटत नाही. वाटेवरच्या झाडांची नावे मोह वेचणाऱ्यांना विचारतो आणि एका वहीत लिहून ठेवतो. या यादीत किमतीचा रकाना नाही. उशिरा का होईना, जागेवर जाऊन केलेली आमची ही पहिलीच पाहणी आहे.