उघडी शिक्षा, झाकलेला पुरावा

एखाद्या गुंडाची पोलिसांनी त्याच्याच वस्तीतून धिंड काढली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही म्हणतात, बरी जिरवली. काही म्हणतात, हे मध्ययुगीन आहे. दुसरी मला अधिक उथळ वाटते, कारण ‘मध्ययुगीन’ म्हटले की पुढे विचार करायला नको. गाढवावरची धिंड, तोंडाला फासलेले काळे हे सारे मागे पडले आणि आपण सुधारलो, असे त्यात गृहीत असते. क्रौर्याचा प्रश्न आहेच. पण त्याआधी ठरवायला हवे की न्यायातले काय लोकांसमोर व्हावे आणि काय होऊ नये.

गोव्यातले धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. तिथे कैदेत राहिलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याचा वृत्तान्त १६८७ मध्ये छापला गेला. आरोप कोणी केला हे कैद्याला सांगत नसत. त्याने स्वतःच आठवून गुन्हा कबूल करावा, अशी अपेक्षा असे. साक्षी, तपास, सारे बंद दाराआड. लोकांना दिसे ती मिरवणूक: अनवाणी कैदी, अंगात पिवळा झगा, त्यावर फुली. ज्याला जाळायचे त्याच्या झग्यावर त्याचेच चित्र आणि भोवती ज्वाळा. उशिरा कबुली देऊन वाचलेल्याच्या झग्यावर ज्वाळांची टोके खाली वळवलेली. रस्त्यावर उभ्या माणसाला शिक्षा कपड्यावर वाचता येई, पुराव्याचा मात्र एक शब्दही त्याच्या कानी पडत नसे.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. दोष सिद्ध होईपर्यंत सारे उघड्यावर व्हावे आणि सिद्ध झाल्यावर माणसाचे शरीर गर्दीच्या हाती जाऊ नये. धिंडीत हा क्रम उलटतो. शिक्षेचे मापही मग न्यायाधीशाकडे राहत नाही. इंग्लंडमध्ये मान आणि हात फळ्यांत अडकवून चौकात उभे करत. १७०३ मध्ये लेखक डॅनियल डिफो त्यातून सुखरूप सुटला. १७३२ मध्ये खोट्या साक्षी देणारा जॉन वॉलर लंडनच्या सेव्हन डायल्समध्ये जमावाच्या माराने मेला. न्यायालयाने दोघांपैकी कोणालाही मृत्युदंड दिला नव्हता.

न्यायाला उशीर लागतो म्हणून धिंड, हा युक्तिवाद बाजूला ठेवू. उशीर झाला म्हणून निकालाआधी शिक्षा उरकता येत नाही. दहशतीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. लंगडत, हात जोडत चालणारा गुंड पाहिला की वस्तीची भीती मोडते आणि तक्रारदार पुढे येतात, असे म्हणतात. पण हप्त्यासाठी दुकान फोडणाऱ्याकडे बोट दाखवून दुकानदार न्यायालयात ‘हाच तो’ म्हणतो आणि संध्याकाळी पुन्हा दुकान उघडू शकतो, तेव्हा भीती मोडते. धिंडीत तो निव्वळ बघ्या असतो. त्याला कोणी काही विचारलेले नसते. गुंडापेक्षा पोलीस बलवान, एवढेच त्याला कळते, आणि जामिनावर सुटलेला तो माणूस गल्लीत दिसला की तेही पुसले जाते. शिवाय ओळख परेडीआधी आरोपीचा चेहरा साक्षीदारांना दाखवला, तर त्या ओळखीला न्यायालयात फारशी किंमत राहत नाही. साक्षीदार त्याला आधीपासून ओळखत असतील तर ही अडचण नाही, हे मान्य. पण असे साक्षीदार हाताशी असतील तर त्यांचे जबाब भक्कम करण्याऐवजी धिंडीच्या चित्रफिती कशाला काढायच्या?

पीडितांना जाहीर समाधान हवे असते, हेही खरे आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. तो उघड्या न्यायालयात वाचलेल्या निकालाने मिळतो, त्यासाठी साक्षीदार टिकावे लागतात. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. धिंड निघालेल्या वस्तीत ती योजना किती जणांना समजावून सांगितली गेली, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी पोलिसांना विचारावे.