सहीनंतरचे दहा दिवस

फ्लोरिडात ऑरलँडोला जाणाऱ्या पर्यटकांना सवलतीची तिकिटं किंवा फुकट नाश्ता देऊन टाइमशेअरच्या 'प्रेझेंटेशन'ला बसवतात. दीड तासाची म्हणून सांगितलेली बैठक लांबत जाते. नको म्हटलं की दुसरा, वरचा माणूस येतो, किंमत उतरते आणि 'हा भाव फक्त आजच' असं बजावलं जातं. मुलं कंटाळलेली असतात. शेवटी नवरा-बायको सही करतात. रिसॉर्टमध्ये राहायचा वर्षातला एक आठवडा पदरात पडतो आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचं देखभाल शुल्कही.

फ्लोरिडाचा कायदा ही सही लगेच पक्की मानत नाही. सहीचा दिवस किंवा शेवटचं आवश्यक कागदपत्र हाती पडल्याचा दिवस, यांतला जो नंतरचा, त्यापासून 10 दिवसांत ग्राहक लेखी कळवून करार मोडू शकतो. कारण द्यावं लागत नाही, दंड नाही. पत्र पाठवलं ती तारीख धरली जाते, आणि हा हक्क सोडल्याचं ग्राहकाकडून लिहून घेतलं तरी ते रद्दबातल ठरतं. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जो दबाव सही मिळवतो, तोच दबाव माघारीचा हक्कही काढून घेऊ शकतो, हे कायद्याने ओळखलं आहे.

तरीही हा हक्क न वापरणारे असतात. आपल्याकडे दिलेल्या शब्दाला मान आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तो संस्कार टिकून आहे, आणि टिकावाच. पण शब्द बांधतो तो मोकळ्या मनाने दिलेला असेल तर. घड्याळाकडे बघायला न देता घेतलेला होकार अर्धाच असतो. उरलेला अर्धा घरी, हिशेब मांडल्यावर, द्यायचा किंवा नाकारायचा असतो. म्हणून मुदतीत करार मोडणं ही वचनभंगाची गोष्ट नव्हे. तो निर्णयाचाच उरलेला भाग आहे.

मात्र मुदत किती, एवढंच पाहून भागत नाही. नेवाडात ती 5 दिवसांची आहे, म्हणजे लास व्हेगासची सहल संपेपर्यंत बरीचशी सरलेली. युरोपीय संघाने 2008च्या निर्देशात 14 दिवस दिले आणि त्या काळात ग्राहकाकडून कोणतीही आगाऊ रक्कम घ्यायला बंदी घातली. माघारीचा नमुना अर्जच दिला नसेल, तर मुदत एक वर्षाने वाढते. मला हा मार्ग जास्त न्यायाचा वाटतो. पैसे एकदा गेले की माणूस चूक कबूल करण्यापेक्षा ती निभावून नेऊ पाहतो. पैसे खिशातच असले, तर तो खरोखर विचार करतो.

महाबळेश्वर, लोणावळा, गोवा इथल्या मुक्कामांची सदस्यत्वं आपल्याकडेही अशाच सभागृहांत विकली जातात. पण भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. माघारीची मुदत किती, हे बहुधा कंपनीच्या करारातच शोधावं लागतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करारा'ची तरतूद आहे खरी, पण तिचा आधार घ्यायचा तर राज्य आयोगापर्यंत जावं लागतं. सहलीवरून परतलेल्या किती कुटुंबांना ते झेपेल? आयुर्विमा पॉलिसी मात्र 30 दिवसांत परत करता येते, आणि त्याने विम्याचा धंदा बुडालेला नाही. ग्राहक संघटनांनी केंद्राकडे आता नेमकी मागणी लावून धरावी: 14 दिवसांची मुदत, तोवर एक रुपयाही न घेण्याची सक्ती आणि प्रत्येक कराराला जोडलेला, ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेतला माघारीचा अर्ज.