वैद्यकशिक्षणाची जागा: ग्रँट महाविद्यालयापासून मीरा-भाईंदरपर्यंत

वैद्यकीय शिक्षणातील नवोपक्रम म्हटले की सध्या कृत्रिम बुद्धिमत्ता, मानवी शरीराच्या हुबेहूब प्रतिकृती आणि पडद्यावरची व्याख्याने यांचीच चर्चा प्रथम होते. परंतु महाराष्ट्रातील वैद्यकशिक्षणाचा गेल्या दोन शतकांचा प्रवास तपासला, तर त्यातील मोठी वळणे साधनांपेक्षा जागेशी अधिक निगडित असल्याचे आढळते. विद्यार्थी कोठे उभा राहून शिकतो, त्याच्यासमोर कोणता रुग्ण येतो आणि त्या रुग्णाचे पुढे काय झाले हे पाहण्याची संधी त्याला मिळते की नाही, हे प्रश्न ज्यांनी नव्याने विचारले आणि संस्थेच्या नियमांत त्यांची उत्तरे बसवून दाखवली, त्यांनीच या क्षेत्राचे नेतृत्व केले. हा विचार व्याख्यानगृहातून रुग्णशय्येजवळ, तेथून खेड्यात आणि पुढे शिक्षकाच्या स्वतःच्या प्रशिक्षणापर्यंत कसा पोहोचला, हे समजून घेतल्यावरच महानगराच्या कडेला झपाट्याने वाढलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात त्याचे पुढचे पाऊल कोणते असावे, याचा निश्चित विचार करता येतो.

मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा सुरू झाली होती, परंतु ती रुजली नाही आणि १८३२ मध्ये बंद करण्यात आली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली. १८३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला, डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी योजनेला आकार दिला आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभारलेल्या रुग्णालयाला जोडून १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय आणि रुग्णालय यांची ही जोडणी आज स्वाभाविक वाटते. मात्र अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शाळांची पाहणी करून १९१० मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात कित्येक शाळांना अध्यापनासाठी हक्काचे रुग्णालयच नसल्याचा मुद्दा ठळकपणे मांडावा लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईतील या निर्णयाचे मोल कळते. ग्रँट महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गरिबांसाठी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावरील उपचाराचा शोध घेतला आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनातही मोलाचे काम केले. वैद्यक शिकलेल्या माणसाने समाजात कोणती जबाबदारी घ्यावी, याचा एक नमुना त्यातून तयार झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विचारात दुसरा प्रश्न मिसळला आणि तो म्हणजे शिकवण्याचा अधिकार कोणाला, हा. सरकारी वैद्यकीय सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच प्राध्यापकपदे राखली जात असताना, असहकाराच्या काळात १९२१ साली मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे आज टोपीवाला महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. आणि १९२६ मध्ये परळ येथे केईएम रुग्णालयाबरोबर सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा त्याच्या देणगीदारांनी सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीय अध्यापकच नेमले जावेत, अशी अट घातली. डॉ. जीवराज मेहता या संस्थेचे पहिले अधिष्ठाता झाले. महानगरपालिकेने चालवलेले रुग्णालय आणि त्यात शिकवणारे भारतीय डॉक्टर ही रचना प्रशासकीय वाटली, तरी तिच्यात मोठा शैक्षणिक आशय होता, कारण स्थानिक रोग, स्थानिक आहार आणि स्थानिक दारिद्र्य यांना अध्यापनात स्थान देण्याचा अधिकार त्यामुळे येथील माणसांच्या हाती आला.

तथापि, रुग्णालयातील शिक्षणाची एक अंगभूत मर्यादा असते. वॉर्डात येणारा रुग्ण हा आजाराच्या एका टप्प्यावर आलेला असतो. तो आजारी का पडला आणि घरी गेल्यावर औषधे घेतो की नाही, हे खाटेजवळून दिसत नाही. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने ही मर्यादा ओळखून, रोगाच्या सामाजिक कारणांचाही विचार करणारा ‘सामाजिक वैद्य’ घडवावा आणि त्यासाठी प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले. शिफारस मान्य झाली, विभाग स्थापन झाले; परंतु अनेक महाविद्यालयांत हा विषय पुन्हा व्याख्यानाचा आणि पाठांतराचाच राहिला.

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत निग्रही प्रयत्न सेवाग्राम येथे झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या वर्गात जाण्यापूर्वी आश्रमात राहतो, प्रार्थना, सफाई आणि श्रमदान यांच्या दिनक्रमात काही दिवस घालवतो आणि पहिल्याच वर्षी आपल्या तुकडीने दत्तक घेतलेल्या खेड्यात शिबिरासाठी मुक्काम करतो. तेथे त्याच्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. घरात पिण्याचे पाणी कोठून येते, गरोदर स्त्रीची तपासणी झाली आहे का, लहान मुलाचे वजन किती आहे, याची नोंद तो स्वतः करतो आणि त्याच घरांकडे तो पुन्हा जातो. येथे शिक्षणाची जागा खरोखर बदलली, कारण खेड्याची भेट हा अभ्यासक्रमाचा आरंभ ठरला. याच्या उलट, १९७५ च्या श्रीवास्तव समितीच्या शिफारशींनंतर १९७७ मध्ये देशभर आलेल्या ‘वैद्यकीय शिक्षणाची पुनर्दिशा’ या योजनेने प्रत्येक महाविद्यालयाकडे तीन विकासगटांची जबाबदारी दिली. पण वरून आलेल्या आदेशाला विभागांची मनापासून साथ नसल्यामुळे तिचा अपेक्षित ठसा उमटला नाही. एकाच हेतूच्या या दोन प्रयत्नांतून असे दिसते की, नवी कल्पना टिकण्यासाठी ती रोज राबवणारी आणि तिच्यासाठी स्वतःच्या वेळापत्रकात बदल करणारी माणसे संस्थेत असावी लागतात.

महाविद्यालयांच्या बाहेरही हा विचार पुढे जात होता. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली, जिच्यामुळे नवजात मृत्यूंमध्ये झालेली ६२ टक्के घट १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्ञान केवळ डॉक्टरकडेच असते, या समजुतीला या दोन प्रयोगांनी धक्का दिला आणि डॉक्टरच्या नेतृत्वाचा अर्थ बदलला. आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या सहकाऱ्याला समर्थ करणे आणि त्याच्या निरीक्षणावर विसंबून निर्णय घेणे, हे आता त्या नेतृत्वाचे लक्षण ठरले.

दरम्यान, कसे शिकवावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ लागला होता. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा-परीक्षेत विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातो. एका ठिकाणी दम्याच्या रुग्णाला इन्हेलर कसा वापरावा हे समजावून सांगायचे असते आणि परीक्षक समोरच्या यादीवर, त्याने रुग्णाला श्वास पूर्ण सोडायला सांगितले का, इन्हेलर दाबण्याची आणि श्वास आत घेण्याची वेळ जुळवून दाखवली का, रुग्णाकडून एकदा करून घेतले का, अशा बाबींवर खूण करत जातो. परीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या तोंडी परीक्षेला त्यामुळे अधिक न्याय्य पर्याय मिळाला. परंतु असे बदल घडवण्यासाठी शिक्षकालाही प्रशिक्षण हवे, या जाणिवेतून २००५ साली परळच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात ‘फायमर’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले, ज्याची धुरा डॉ. अविनाश सुपे यांनी वाहिली. दोन वर्षांच्या या पाठ्यवृत्तीत सहभागी होणारा प्राध्यापक आपल्याच महाविद्यालयातील एखादी शैक्षणिक अडचण निवडतो, तिच्यावरचा उपाय राबवतो, त्याचे मूल्यमापन करतो आणि सहकाऱ्यांना बरोबर घेण्याचे, विरोध हाताळण्याचे कौशल्यही शिकतो. नेतृत्व हा जन्मजात गुण नसून सरावाने येणारे कौशल्य आहे, ही भूमिका या रचनेत गृहीत धरलेली आहे.

२०१९ साली देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात, म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर भर देणाऱ्या रचनेत, या साऱ्या धाग्यांची सरकारी मान्यतेने वीण झाली. भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या ज्या पाच भूमिका त्यात सांगितल्या आहेत, त्यांत चिकित्सक, संवादक, आजन्म विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्याबरोबर आरोग्यसंघाचा नेता व सदस्य ही भूमिकाही आहे. नेता आणि सदस्य ही दोन पदे एकत्र ठेवण्यातच त्या संकल्पनेची परिपक्वता दिसते. यानंतर विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करण्याचा उपक्रम आला, ज्यात सेवाग्रामचा अनुभव ओळखता येतो, आणि पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले.

मात्र या योजनांच्या मुळाशी स्थिर खेड्याचे चित्र आहे आणि येथेच मीरा-भाईंदरचा विचार करावा लागतो. १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत पाच लाखांहून थोडी अधिक होती, ती २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. एका बाजूला उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा अशी जुनी कोळी-आगरी गावे आणि दुसऱ्या बाजूला मीरा रोडच्या इमारतींमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबे, असे हे शहर आहे. विद्यार्थ्याने दत्तक घेतलेले कुटुंब करार संपताच खाडीपलीकडे नायगावला गेले, तर ते दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत जाते. सहा महिन्यांच्या क्षयरोगाच्या उपचारात नेमक्या अशा स्थलांतराने खंड पडण्याचा धोका असतो. सकाळी लोकलने अंधेरी-चर्चगेटकडे जाणारा कामगार दुपारच्या बाह्यरुग्ण विभागात येऊ शकत नाही आणि किरकोळ आजारासाठी तो घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे रात्री जातो. तज्ज्ञांच्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या किंवा केवळ खेड्यातील शिबिर केलेल्या डॉक्टरला हे चित्र आपोआप समजत नाही.

म्हणून शिक्षणाची जागा पुन्हा एकदा बदलण्याची आवश्यकता आहे. भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, महापालिकेची आरोग्य केंद्रे आणि परिसरातील वैद्यकीय महाविद्यालये यांच्यात नियमित अध्यापनाचे नाते जोडता येईल. कुटुंबाऐवजी संपूर्ण इमारत किंवा कोळीवाडा विद्यार्थ्यांच्या तुकडीकडे सोपवता येईल, म्हणजे भाडेकरू बदलला तरी जबाबदारी तुटणार नाही. स्थलांतर करणाऱ्या रुग्णाला पुढच्या केंद्राकडे सुपूर्द करून तेथून खातरजमा करून घेणे हे मूल्यमापनाचे स्वतंत्र कौशल्य मानता येईल. आणि आशा सेविका, परिचारिका व गल्लीतील खासगी डॉक्टर यांना अध्यापक म्हणून मान देता येईल. यांपैकी कशासाठीही महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ती वेळापत्रक बदलण्याची तयारी, दोन महापालिकांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवण्याची चिकाटी आणि निकाल उशिरा दिसला तरी प्रयोग चालू ठेवण्याचे धैर्य. मोरहेड यांनी महाविद्यालयाला रुग्णालयाशी आणि सुशीला नायर यांनी ते खेड्याशी जोडले. आता ते सतत घर बदलणाऱ्या शहराशी जोडण्याचे काम या पिढीतील शिक्षकांचे आहे, आणि ते ज्या महाविद्यालयात प्रथम सिद्धीस जाईल, तेथूनच पुढच्या काळातील डॉक्टर कसा असावा हे ठरेल.