सॉरी, पण नेमकं कशाबद्दल?

मित्राचे वडील गेले त्या रात्री त्याचे मला दोन फोन आले होते. पहिला सव्वाबाराला, दुसरा साडेबाराला. मी जागा होतो. फोन हातातच होता, त्यामुळे दोन्ही वेळा त्याचं नाव मी नीट बघितलं. आमच्यात गाडी फक्त माझ्याकडे आहे. एवढ्या रात्री फोन म्हणजे कुठेतरी सोडायला जावं लागणार, असं वाटलं आणि मी फोन उलटा ठेवून दिला.

सकाळी ग्रुपवर बातमी आली. मी त्याला मेसेज केला, ‘सॉरी यार.’ दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, ‘थँक्स रे.’

त्याने माझं सॉरी सांत्वन म्हणून घेतलं. मला ते कबुली म्हणून लिहायचं होतं. पण खरं सांगायचं तर, हा शब्द दोन्हीकडून वाचता येतो हे पाठवताना मला माहीत होतं. म्हणूनच मी पुढे एक अक्षरही लिहिलं नाही.

आपण दिवसभरात किती वेळा सॉरी म्हणतो? लोकलमध्ये धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? कुणी गेलं, सॉरी. ब्रेकअप करायचंय, सॉरी. एखाद्याला नाही म्हणायचंय, तरी सुरुवात सॉरीनेच. जुन्या इंग्रजीत याचा मूळ शब्द ‘सारिग’ असा होता. ‘सार’ म्हणजे वेदना, जखम. आजचा ‘सोअर’ हा शब्द त्याचाच भाऊ. म्हणजे मुळात सॉरी म्हणणारा एवढंच सांगत होता, की मला दुखतंय. कुणामुळे दुखतंय, चूक कुणाची, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नव्हता. माफीचा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि जुना अर्थही गेला नाही.

मराठीत या एका शब्दाची कामं वेगवेगळ्या शब्दांत वाटलेली आहेत. खेद, दिलगिरी हे आपल्या मनाबद्दलचे शब्द. दिलगीर हा फारसीतून आलेला. दिल जड झालेला, उदास माणूस. रस्ता खोदून ठेवल्यावर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा बोर्ड लागतो, त्यात कुणी काही कबूल केलेलं नसतं. माफी आणि क्षमा हे समोरच्याकडे मागण्याचे शब्द. देणं न देणं त्याच्या हातात. आणि तिसरा प्रकार म्हणजे साधं ‘माझं चुकलं’. यात मनाची अवस्था नाही, मागणीही नाही. फक्त जे झालं त्यावर आपलं नाव घातलेलं आहे. सॉरी ही तिन्ही कामं करतं. त्यामुळे आपण त्यातलं नेमकं कुठलं केलं, हे कुणी विचारत नाही.

मोठमोठ्या देशांनाही ही सोय फार उपयोगी पडली आहे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकी विमान हायनानवर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनने अडकवून ठेवले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला चूक मान्य करायची नव्हती. ११ एप्रिलला अमेरिकेने दिलेल्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा होतं. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगी न घेता उतरल्याबद्दल. चीनने ते आपल्या लोकांना माफीच्या भाषेत सांगितलं. अमेरिकेने सांगितलं की ही माफी नाही. माणसं घरी गेली. कदाचित तिथे हेच शहाणपणाचं होतं. पण तिथे निदान दोन्ही बाजूंना शब्दाचे दोन अर्थ माहीत होते. माझ्या मित्राला एकच माहीत होता.

उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे अनेक दशकं सरकारी धोरण म्हणून आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडली गेली. १९९७ च्या अहवालाने माफीची शिफारस केली. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला, त्यात मनापासूनचा खेद होता, सॉरी नव्हतं. मागच्या पिढ्यांनी केलेल्याची जबाबदारी आताच्या पिढीवर का, अशी त्यांची भूमिका होती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी केविन रड संसदेत सॉरी म्हणाले, तेव्हा ते ऐकताना माणसं रडली. शब्द तोच, रोजचा. फरक एवढाच की या वेळी तो कशाबद्दल आहे ते सांगितलं होतं: संसदांनी केलेले कायदे, सरकारांनी राबवलेली धोरणं, तोडलेली कुटुंबं.

मग मी मित्राला सांगायला हवं होतं का? बरेच दिवस मी स्वतःला एक चांगलं कारण देत होतो. त्याचे वडील गेलेत, त्यात आपल्या अपराधाचं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? सांगून मला हलकं वाटेल, त्याला काय मिळेल? हा प्रश्न खोटा नाही. पुष्कळ कबुल्या स्वतःला मोकळं करण्यासाठीच दिलेल्या असतात. तेराव्याच्या आत जाऊन सांगितलं असतं तर तो क्रूरपणाच झाला असता.

पण हळूहळू लक्षात आलं की अपराधी वाटणं हे माझं असलं, तरी घडलेली गोष्ट त्याचीही आहे. मी झोपलो होतो असं तो धरून चालला होता. त्या समजुतीवर तो मला घरी बोलवत होता, अडचणी सांगत होता. मला माफ करायचं की नाही, हे त्याने ठरवायचं होतं, आणि ठरवण्याची वेळच मी त्याच्यावर येऊ दिली नव्हती. तो शब्द मी त्याच्यासाठी मऊ ठेवला नव्हता, स्वतःसाठी ठेवला होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, “त्या रात्री मी जागा होतो. तुझं नाव बघून फोन उचलला नाही. माझं चुकलं.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

तेव्हा त्याने पहिल्यांदा सांगितलं, की रिक्षा मिळत नव्हती, शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. मी गेलो असतो तर ते वाचले असते असं नाही, हेही त्यानेच सांगितलं. पण हॉस्पिटलच्या बाकावर पहाटेपर्यंत तो एकटा होता.

त्याने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. आम्ही भेटतो, पूर्वीपेक्षा थोडं कमी. मराठीत चूक आणि चुकवणं किती शेजारी शेजारी आहेत. आणि हिशेब मिटवला की आपण म्हणतो, चुकता केला. माझा चुकता झालेला नाही. पण आता निदान तो कशाचा आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.