काय वितळवू नये

आधी बसा. उभ्या उभ्या हे वाचू नका, आणि भट्टी कशी बांधायची ही घाईही आजच्यापुरती बाजूला ठेवा. सोप्यात किंवा अंगणात, जिथं सकाळचा उजेड येतो तिथं एक जुनं पोतं पसरा. घरात पडून असलेले धातूचे चार-सहा जिन्नस त्यावर मांडा. कडीचा तुकडा, नळाची तोटी, जुन्या स्कूटरच्या इंजिनाचं झाकण, तडकलेला बिडाचा तवा, वायरीचा गुंता. आता त्यांना हात न लावता थोडा वेळ नुसतं बघा.

भंगार जमवून घरच्या घरी ओतकाम करावं असं मनात आलं, की डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो मुशीतला रस. तो दिसतोही देखणा. पण मला वाटतं, या नादाला दुसऱ्या टोकाकडून लागावं. काय वितळवायचं हे पुढं आपोआप कळतं. काय वितळवू नये हे मात्र बसून, सावकाश, एकेक तुकडा हातात घेऊन शिकावं लागतं. आजचं मनन त्याचंच.

एक तुकडा उचला. डोळे मिटा. बोटांना काय कळतं ते आधी बोटांनाच कळू द्या. तळहात खाली दबतो आहे का? ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पट जड, पितळ साडेआठ पट, शिसं अकरा पटींहून जास्त. हे आकडे पाठ करायची गरज नाही. झाकण आणि तोटी दोन हातांत घेऊन बसलात की मनगटच सांगतं. आता लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड, बीड नाहीतर पोलाद. नाही चिकटला तर लगेच निकाल देऊ नका, कारण स्टीलच्या पुष्कळ भांड्यांनाही तो चिकटत नाही. मग कानस. एका कोपऱ्यावर दोनदा फिरवायची आणि उघड्या पडलेल्या अंगाकडे बघायचं. चकचकीत तोटीच्या मुलाम्याखाली पिवळं निघालं तर पितळ. करडं-पांढरं निघालं तर जस्ताचा मिश्रधातू, आणि दिसायला दोन्ही तोट्या सारख्याच. कुणीही जुना भंगारवाला हे तुमच्या आधी ओळखतो. “काय ओ, पिवळं दिसलं म्हणून पितळ व्हय?” एवढंच म्हणतो आणि तुमचा तुकडा वेगळ्या ढिगात टाकतो. त्याच्याजवळ बसायला मिळालं तर बसा. ती फुकटची शाळा आहे.

डोळे उघडा आणि हे ढीग कुठून येतात, कुठं जातात याचा विचार करा. निपाणीच्या आसपास तंबाखू आणि ऊस. वखारींतल्या जुन्या तराजूंचे दांडे, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या चरकाच्या बिडाच्या लाटा, गुळाच्या काहिलीचे फाटलेले पत्रे, विहिरीवरच्या पंपांची झिजलेली चाकं, ऑईल इंजिनाचं अवजड फ्लायव्हील. शेती बदलली की तिचा सांगाडा भंगारात येतो. टेम्पो भरतो आणि महामार्गाला लागतो. दक्षिणेला निघाला तर तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी करत बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या फाउंड्र्यांकडे. उत्तरेला निघाला तर कोगनोळी, कागल ओलांडून कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीकडे. माणसं मधल्या राज्यांच्या सीमारेषेवरून १९५६ पासून भांडत आहेत, आणि त्या भांडणात माझंही मत आहे. भंगार मात्र किलोमागं दोन रुपये जिथं जास्त तिकडं वळतं. दोन्हीकडच्या भट्ट्यांत ते वितळतं आणि पुन्हा पंपाचं, मोटारीचं, यंत्राचं अंग होऊन याच रस्त्यानं परत येतं.

आता तो बिडाचा तवा घ्या. त्याचा जडपणा, त्याची कड, तडा गेल्यावर आलेला बद्द आवाज. हा तुमच्या भट्टीचा नाही. बीड पातळ व्हायला साडेअकराशे-बाराशे अंश लागतात. अंगणातल्या बादलीएवढ्या भट्टीत तेवढा जाळ धरायचा, तो रस हातानं उचलायचा, हे नवख्याचं काम नव्हे. ते उद्यमबागेतल्या कपोल्याचं, इंडक्शन भट्टीचं काम. तवा बाजूला ठेवा. पहिला नकार झाला.

पण बिडावरून हात उचलण्याआधी एका माणसाची आठवण काढू. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर बिऱ्हाड हललं आणि किर्लोस्करवाडी झाली. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या, आणि त्या धातूचे नांगर झाले.

इथं थांबा. घाईनं या गोष्टीला टाळी देऊ नका. तोफेचा नांगर होतो हे ऐकायला छान आहे, पण देणाऱ्याच्या जागी बसून बघा. समोर पूर्वजांच्या तोफा आहेत. कुणी म्हणेल इतिहास, कुणी म्हणेल गंजका धातू. दोघंही खरं बोलत आहेत. निर्णय कुणीतरी घ्यायचा असतो, आणि एकदा रस झाला की तो निर्णय मागं घेता येत नाही. तोफा पुन्हा होत नाहीत. त्या वर्षी रानाला नांगर हवा होता म्हणून दिल्या, हे मला पटतं. आज कुणी किल्ल्यावरचं लोखंड उचलून भट्टीत टाकलं तर ते मला पटणार नाही, आणि कायद्यालाही नाही.

मग तुमच्या घरात या. माळ्यावर तांब्याचा हंडा असेल, घंगाळ असेल, काशाचं ताट असेल. बुडाला छिद्र पडलेलं, कल्हई उडालेली पातेली असतील. उचला आणि काठाखाली बोट फिरवा. टोच्यानं कोरलेली अक्षरं लागतील. कुणाचं तरी नाव, कुणाच्या लग्नातली सप्रेम भेट, कधी गावाचं नाव, कधी साल. मोडीत घालताना दुकानदार ती अक्षरं वाचत नाही, आणि त्यानं वाचावीत अशी अपेक्षाही नाही. तुम्ही वाचा. पूर्ण वाचा. ते नाव कुणाचं हे घरातल्या वयस्कर माणसाला विचारा. मग मोडीत द्यायचं की ठेवायचं हे ठरवा. काही भांडी द्यावीत. घरं संग्रहालयं नसतात. पण न वाचता देऊ नयेत.

पितळेकडे वळा. हे मोहाचं ठिकाण आहे. सोन्यासारखा रंग, घंटेचा नाद, आणि मूर्ती ओतायची मनातली हौस. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळ वितळतं नऊशे अंशांच्या पुढं, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे तुमचा रस तयार होतो तेव्हाच त्यातलं जस्त वाफ होऊन उडू लागतं. पांढरा धूर, पांढरी पिसं. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग ठणकतं. फ्लू झाला असं वाटतं आणि आपण औषध भलत्याच दुखण्याचं घेतो. ओतारी पिढ्यान् पिढ्या हे काम करत आले आहेत. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मेण वितळवून काढलं की राहिलेल्या पोकळीत पितळ. ते हात वेगळे, आणि त्या छात्यांनी काय सोसलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पितळ बाजूला. जस्त चढवलेली बादली, पाइप, पत्रा, तेही बाजूला.

वायरीचा गुंता. आत तांबं आहे, म्हणून जाळून मोकळं करावंसं वाटतं. गावाबाहेर ओढ्याकाठी असा काळा धूर तुम्ही पाहिला असेल. त्या प्लॅस्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात आणि ती गल्लीतल्या लेकरांच्या अंगात राहतात. सुरी घ्या, सोला. एक संध्याकाळ जाईल. जाऊ द्या. सोललेलं तांबंही वितळवू नका, विका. त्याला १,०८५ अंश लागतात.

जुनी बॅटरी तर उघडूच नका. शिसं ३२७ अंशांना, चुलीवरसुद्धा वितळतं, आणि तेवढ्यामुळंच ते फसवं आहे. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर बसते. बॅटरी दुकानदाराला परत द्यायची असते.

आता जे दिसत नाही त्याचं मनन करा. बंद तोंडाचा कुठलाही डबा, गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर, सेंटचे डबे, दोन्ही टोकांनी चेपलेली नळी. आत हवा आहे, तेल आहे, की पाणी? कळत नसेल तर भट्टीत नाही. कुठून आलं हे कळत नसेल तरी नाही. विहिरीवरची मोटार रात्रीत नाहीशी होते आणि तिची तांब्याची वायंडिंग सकाळी कुणाच्या तरी ढिगात असते. तो ढीग तुमचा नसावा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठानं मोडीत काढलेलं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. ते फोडणाऱ्यांना आत काय आहे हे ठाऊक नव्हतं. काहींना किरणोत्साराची बाधा झाली आणि एक जण दगावला. अनोळखी, अवजड, शिक्का मारलेली पेटी समोर आली, तर हात मागं घेणं हेच तुमचं कसब.

पोत्यावर आता काय उरलं? बहुधा ते स्कूटरचं झाकण, आणि गॅरेजवाल्यानं दिला असेल तर एखादा पिस्टन. बस्स. ढीग लहान झाला म्हणून हिरमुसू नका. जे राहिलं ते मुळातच ओतून केलेलं ॲल्युमिनियम आहे. त्यात सिलिकॉन असतं, म्हणून ते साच्यात नीट धावतं. खिडकीच्या पट्ट्या, शीतपेयांचे डबे, घरातली जर्मनची पातेली वितळतात, पण रसापेक्षा मळीच जास्त देतात.

मृगापासून दिवाळीपर्यंत थांबा. बेळगावचा पाऊस भिंतीत, वाळूत, कोळशात शिरून बसतो, आणि ओलावा हा या कामातला खरा वैरी आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. रसाखाली अडकलेला एक थेंब तेवढी जागा करून घेतो आणि रस अंगावर येतो. म्हणून फरशीवर, काँक्रीटवर ओतायचं नाही. खाली कोरड्या वाळूचा थर हवा. मुशीत टाकायचा तुकडा, ढवळायची सळई, मळी काढायचा चमचा, सगळं आधी भट्टीच्या कडेला तापवून घ्यायचं. सुती कपडे, कातड्याचे बूट, तोंडावर जाळीचा नव्हे, पूर्ण पडदा. जवळ लहान मूल नाही. पाण्याची बादली नाही; कोरड्या वाळूची बादली आहे.

साच्याची वाळू तेवढी ओलसर, पण ओली नाही. मुठीत घ्या, दाबा, मूठ उघडा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर दोन तुकड्यांत स्वच्छ मोडला पाहिजे. चिकटला तर पाणी जास्त, विस्कटला तर कमी. फाउंड्रीतले कामगार दिवसभरात हे कितीदा करतात ते त्यांनाही सांगता येणार नाही. हात जाता जाता करतो. तुम्ही मुद्दाम करा. दाबा, श्वास घ्या, उघडा. पुन्हा.

आणि भट्टीशेजारी बसल्यावर एक गोष्ट ध्यानात असू द्या. लोखंड लाल होऊन बजावतं. ॲल्युमिनियम बजावत नाही. ६६० अंशांना वितळतं तेव्हाही दिवसाउजेडी ते चंदेरीच दिसतं, गार असल्यासारखं. ओतून झाल्यावर घट्ट झालेला तुकडाही तसाच निरागस दिसतो. त्याला बोट लावायची इच्छा होईल. बोटं दुमडून मांडीवर ठेवा आणि बसून राहा, वाळू थंड होईपर्यंत.

मग साचा फोडा. तुकडा तुमच्या नमुन्यापेक्षा किंचित लहान निघेल, कारण मीटरमागं साधारण तेरा मिलिमीटर ॲल्युमिनियम आक्रसतं. वरच्या अंगाला खळगा पडला असेल, कारण घट्ट होताना त्याला आणखी रस हवा होता आणि तुम्ही ठेवला नव्हता. कडेला वाळूचे कण रुतले असतील. कानशीनं घासा, रस ओतायच्या नळीतला आणि पेल्यातला उरलेला धातू कापून पुन्हा पिस्टनच्या डब्यात टाका. तुकडा भंगारवाल्याला दाखवायची हौस आली तर जरूर दाखवा. तो उलटापालटा करून बघेल, कदाचित मान डोलवेल, मग तराजूत टाकून भाव सांगेल. भाव पिस्टनचाच असेल.