वरून हुकूम नव्हता

कोणा विधवेच्या पेन्शनचा कागद महिनोन्‌महिने पडून राहतो आणि विचारणा झाली की आम्ही सरकारी नोकर म्हणतो, "वरून हुकूम नव्हता." त्यात खोटे काही नसते, तरीही मन खजील होते. असे का व्हावे?

अशा वेळी आम्हांस हृदयाचे स्मरण होते. १९०७ साली कीथ व फ्लॅक यांनी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील एक लहानशी पेशीगाठ दाखवून दिली. तिच्या पेशींना विसावा ठाऊक नाही. एक ठोका संपतो न संपतो तोच सोडियमचे, मागोमाग कॅल्शियमचे विद्युत्‌भारित कण आत झिरपू लागतात. विद्युद्दाब ठरावीक पातळीस पोचला की पुढचा ठोका पडतो. त्यास मेंदूचा हुकूम लागत नाही. मज्जातंतू तोडून दुसऱ्याच्या छातीत रोपलेले हृदयही चालते.

मग मेंदूचे काम काय? आवरण्याचे आणि त्वरा करविण्याचे. ही गाठ एकटी असती तर मिनिटास सुमारे १०० ठोके देती. विश्रांतीच्या वेळी एक मज्जातंतू तिला ७० च्या आसपास आवरून धरतो. ती थकलीच, तर खालची गाठ ४० ते ६० ठोक्यांनी कारभार सांभाळते.

कोणी म्हणेल, पेशीस विवेक नसतो; तिच्यावरून नीती कशी ठरवावी? आक्षेप खरा आहे. पेशीस थांबण्याची मुभा नाही, आम्हांस आहे; म्हणूनच थांबण्याचा जाबही आम्हांसच द्यावा लागतो. हुकूम कामाची गती ठरवील. कामाची कळकळ मात्र वरून येत नसते. मन खजील होते ते यासाठीच.