कृतीला फुटणारे फाटे

इंग्रजीत ‘रॅमिफाय’ असे एक क्रियापद आहे. फांद्या फुटणे, फुटत फुटत पसरणे हा त्याचा अर्थ. लॅटिनमधील ‘रामुस’ म्हणजे फांदी आणि ‘फाचेरे’ म्हणजे करणे. यांच्या जोडातून मध्ययुगात हा शब्द घडला व फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. आम्हां वांद्रेकरांना त्याचे मूळ परके नाही. १७३९ साली वसई पडली. त्याआधी सुमारे दोन शतके या किनाऱ्यावर ज्यांचा अंमल होता, त्या पोर्तुगीजांच्या भाषेत झावळ्यांच्या रविवाराला ‘दोमिंगु द रामुश’ म्हणतात. त्यातही तीच फांदी आहे.

‘रॅमिफिकेशन’ हे नाम मात्र आज आपण बहुधा दूरवर पोहोचणाऱ्या परिणामांसाठी वापरतो. येथे व्याकरण संपते आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो. कृती आमची, पण तिला फुटलेले फाटेही आमचेच काय?

गावठाणातल्या घराच्या वाटणीवरून दोन भावांत एखादा कठोर शब्द जातो. बोलणाऱ्याचा राग रात्रीपर्यंत निवतो. पुढे मात्र चुलत भावंडे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तिसऱ्या पिढीला तर भांडण कशाचे होते हेही ठाऊक नसते. अबोला तेवढा वारशाने आलेला असतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला. परिणाम आधीच दिसत असेल, तर जबाबदारी उघड आहे. दिसत नसेल, तर पाहावे : जो परिणाम कृतीतून स्वभावतः व बहुधा निघतो, तो तिच्या बरेवाईटपणात भर घालतो, जो योगायोगाने, क्वचित घडतो, तो घालत नाही. हा विवेक आम्हांला दिलासा देतो आणि जाबही विचारतो. प्रत्येक अनर्थाचे ओझे आमच्या माथी नाही; पण ‘मला कुठे ठाऊक होते?’ एवढे म्हणून सुटकाही नाही. कठोर शब्दातून दुरावा निघणे हा योगायोग नव्हे. म्हणूनच पापनिवेदनात क्षमा लाभली, तरी भावाच्या दाराशी जाणे उरतेच.

सत्कृत्यालाही हाच न्याय. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या काळात वांद्र्याच्या गल्लीबोळांत लोकांनी क्रूस उभारले. उभारणारे गेले, आजही तेथे मेणबत्त्या लागतात, प्रार्थना होते.

वडाची पारंबी फांदीतूनच खाली येते आणि मातीत रुजली की तीच झाडाला आधार देते. गेलेला शब्द मागे घेता येत नाही. पण क्षमेची एक पारंबी आजच सोडता येते. तिच्या सावलीत कोणाची नातवंडे बसतील, हे आपण प्रभूवर सोपवू या.